‘उतरा’ला इंग्रजीत काय म्हणतात

टेबल एक (साडेतीन फूट बाय दोन, उंची एकोणतीस इंच, चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकतात), पुस्तकांची मांडणी एक, चपला-बुटांची फळी एक, स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी, कप्पीवर वर-खाली होणारी कपडे वाळत घालायची दांडी, आणि घरमालकिणीच्या जिन्याच्या तीन पायऱ्या.

तीर्थरूप दाजी, तुमच्या धाकट्या मेहुण्याचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. वरच्या सगळ्या वस्तू मी गेल्या चार महिन्यांत स्वतःच्या हाताने केल्या. त्या आधी लिहून टाकल्या, कारण पुढची हकीकत वाचताना ‘हा माणूस कामातून गेला’ असे तुमच्या मनात येण्याचा संभव आहे. तसे वाटले की कृपया परत वरची यादी वाचावी. तुमचा मोतीबिंदू काढल्यानंतर दुसऱ्या डोळ्याचे काय ठरले ते कळवणे. तोवर भिंगाने वाचायला त्रास नको म्हणून मी अक्षर मोठे काढतो आहे, पाने जास्त झाली तर तो दोष मजकुराचा समजू नये. ताईचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना? (दोन्हींचे व्यायाम वेगळे आहेत, मी वाचले आहे. तिला म्हणावे, मोघम लिहू नकोस.)

इथे येऊन मला नऊ महिने झाले. करार एक वर्षाचा. वर्ष संपायच्या आधी बाहेरून एक तपासनीस बाई येते, मागच्या बाकावर बसून तुमचा तास ऐकते आणि शेरा लिहिते. शेरा चांगला असेल तर आणखी दोन वर्षे, नसेल तर तिकीट. दोन वर्षे मिळाली तरच हिला इकडे आणायची परवानगी मिळते. म्हणजे हिचे येणे, आमचा इथला संसार आणि गावातल्या लोकांना मी जे सांगून निघालो ते सगळे त्या बाईच्या एका ओळीवर अवलंबून होते. हिची अट तुम्हाला माहीतच आहे : ‘स्वयंपाकघराला खिडकी असली पाहिजे, आणि तुम्ही शाळेतून वेळेवर घरी आलं पाहिजे. बाकी देश कुठला का असेना.’

घराची गोष्ट इथून सुरू होते. पहिले घर शाळेनेच दिले, शाळेच्या आवारात, फुकट. पलंगापासून वर्गापर्यंत एकशे बारा पावले. तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? पलंग पाच फूट सहा इंच आणि मी पाच फूट नऊ. ते चालवून घेतले. खिडकी रंगाने कायमची चिकटलेली. तीही मी पातळ पाते घालून सोडवली. पण शाळेची घंटा माझ्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, बरोबर उशीच्या मागे बसवलेली होती, आणि ती रविवारीही वाजे. (तिला रविवार कळत नाही. मी तिच्या वायरींचा नकाशा काढून सुट्टीच्या दिवशी बंद ठेवायचे एक बटण सुचवले होते. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ‘तुम्ही इंग्रजी शिकवायला आला आहात ना?’) शिवाय शाळेत राहणाऱ्या मास्तरला दाढी करतानाही शाळा सोडत नाही. तोंडाला फेस असताना मी कर्मणी प्रयोग समजावून दिला आहे. आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघर नव्हतेच, तर त्याला खिडकी कुठून असणार!

दुसरे घर मी शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडले. शहराचा नकाशा विकत घेतला, शाळेवर कंपासचे टोक ठेवले, एक किलोमीटरचे वर्तुळ काढले आणि वर्तुळातल्याच जाहिराती पाहिल्या. शाळेपासून सहाशे चाळीस मीटरवर एक घर मिळाले, खिडकी होती, भाडेही बेताचे. मी सही करून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तर घर आणि शाळा यांच्या मध्ये रेल्वेचे यार्ड. बावीस रूळ, दोन्ही बाजूंना काटेरी तार, आणि पलीकडे शाळेचा झेंडा मला अगदी स्पष्ट दिसत होता. पूल तीन किलोमीटर उत्तरेला. मी वर्गात पोचलो तेव्हा मुले पाठ्यपुस्तकातले धडे संपवून डबे खात होती. (माप चुकले नव्हते हे इथे नोंदवतो. नंतर मी परत मोजले, सहाशे चाळीसच भरले. मात्र मी कावळा असायला हवा होतो.) तिथे मी पाच आठवडे काढले आणि दोन बूट झिजवले.

तिसरे घर, म्हणजे ज्यात हे टेबल आहे ते, शाळेपासून सगळ्यात लांब आहे. बसचा एका बाजूचा शेवटचा स्टॉप माझ्या दारात, दुसऱ्या बाजूचा शेवटचा स्टॉप बंदरावर, आणि बंदरासमोर शाळा. एकूण अडतीस स्टॉप, एक्केचाळीस मिनिटे. सात दहाची बस पकडली की सात एकावन्नला बंदर, आठला हजेरीच्या वहीत सही. पहिल्या स्टॉपवरचा माणूस असल्याने बसायला जागा नक्की. घरमालकीण शिवणकाम करते. तिच्या कैलासवासी नवऱ्याची सुतारकामाची हत्यारे परसातल्या खोलीत जशीच्या तशी होती. बाई म्हणाली, ‘जिना दुरुस्त करून दिलात तर हत्यारं वापरा, पण पटाशी जागच्या जागी ठेवायची. ते फार ओरडायचे.’ मी पटाशीची जागा फळीवर पेन्सिलीने आखून ठेवली आहे. अशा माणसाबरोबर माझे जमले असते. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, तीन फूट बाय सव्वादोन.

आता बस. आमच्या सात दहाच्या बसचा ड्रायव्हर माझाच विद्यार्थी. शाळेत संध्याकाळी कामकरी लोकांचा वर्ग मी घेतो, त्यात तो पहिल्या बाकावर बसतो. टोपी कधी काढत नाही म्हणून वर्गात सगळे त्याला कप्तान म्हणतात. असा विद्यार्थी मला तिकडच्या माझ्या तेवीस वर्षांच्या क्लासमध्ये मिळाला नव्हता, दाजी. संध्याकाळी शिकवलेले तो सकाळी वापरून बघतो, आणि अडले की तिथेच विचारतो. तिथेच म्हणजे गाडी चालवता चालवता, आरशातून माझ्याकडे बघत. एकदा चौकात लाल दिवा लागला आणि तो मागे वळून म्हणाला, “सर, ‘ए’ कधी लावायचा आणि ‘द’ कधी?” मी म्हटले, “कप्तान, आधी ब्रेक लावा.” त्याने लावला, आणि मग हिरवा होईपर्यंत मी उपपदे समजावली. हिरवा होऊन परत लाल झाला तरी त्याची शंका फिटली नव्हती. मागच्या सीटवरच्या आजीबाई कंटाळून म्हणाल्या, “अहो मास्तर, त्याला काय ते एकदाच सांगून टाका. मला दवाखान्यात नंबर लावायचाय.” पुढच्या आठवड्यात त्याच आजीबाईंनी ‘द डॉक्टर की ए डॉक्टर?’ असे मला विचारले. (द. त्यांचा एकच आहे.) हळूहळू सकाळची बस म्हणजे माझा दुसरा वर्गच झाला. या अभिमानाची इथे जरा नोंद घ्यावी, कारण लवकरच तो उरणार नाही.

मधेच थोडे जुने सांगतो. तुम्ही हेडमास्तर, एम. ए., आणि मी विजेच्या मोटारी रिवाइंड करणारा. दिवसा तांब्याची तार गुंडाळायची आणि संध्याकाळी शब्दकोशाची चार पाने पाठ करायची, अशी मी भाषा मिळवली. डिग्री चाळिसाव्या वर्षी बाहेरून. कोणाकडून काही घेतले नाही. तुम्ही एकदा चारचौघांत म्हणाला होता, “याचं इंग्रजी चांगलं आहे, फक्त ते मराठीतून चालत येतं, त्यामुळे जरा दमलेलं असतं.” सगळे हसले, ताईसुद्धा. मग तुम्ही एक वही केलीत. शंभर पानी, लाल शाईची. माझ्या बोलण्यातल्या चुका त्यात लिहून ठेवत होता, आणि माझ्या क्लासच्या उद्घाटनाला ती मला भेट म्हणून दिलीत. मी ती न उघडता तुम्हाला परत केली. ‘दुकानातली मोटार मी स्वतः तपासतो,’ असे काहीसे मी बोललो होतो. त्यानंतर तेवीस वर्षे आपण एकमेकांशी इंग्रजीत बोललो नाही. हे सगळे तुम्हाला माहीत आहे. पुढचे समजावे म्हणून लिहिले, एवढेच.

तर तपासनीस बाई यायच्या आदल्या संध्याकाळी कप्तान वर्ग सुटल्यावर थांबला. म्हणाला, “सर, हॉटेलांतून परदेशी पाहुणे चढतात आणि बंदर आलं तरी बसूनच राहतात. त्यांना ‘उतरा’ असं सांगायचंय. काय म्हणू?” मी एक क्षणही विचार केला नाही. तेवीस वर्षांत हजारभर मुलांना मी तेच शिकवले होते. माझ्या स्वतः छापलेल्या चौसष्ट पानी पुस्तकातला नववा धडा, ‘बसमधील संभाषण’, त्यावरच उभा आहे. मी म्हटले, “गेट डाऊन. आधी प्लीज लावा. आणि आवाज पोटातून काढा, क्रियापदावर जोर द्या.” त्याने माझ्यासमोर सात वेळा म्हणून दाखवले. शेवटच्या वेळी खिडकीची काच थरथरली. मी म्हटले, शाबास.

दुसऱ्या दिवशी बस भरलेली. हॉटेलच्या स्टॉपवर अकरा पाहुणे चढले, त्यात एक राखाडी कोटाच्या बाई होत्या. त्यांना जागा नव्हती म्हणून मी उठून दिली. बाईंनी आभार मानले, मी इंग्रजी शिकवतो असे सांगितले, आणि कप्तानाने आरशातून ‘गुड मॉर्निंग, मॅडम’ म्हटल्यावर मला राहवले नाही. मी म्हटले, “हा माझा विद्यार्थी. याचं जे काही इंग्रजी आहे ते सगळं माझं.” दाजी, हे वाक्य मी कोणाच्याही बळजबरीशिवाय बोललो.

बंदराच्या फाटकात लोखंडी रिकाम्या पिंपांची हातगाडी आडवी आली. कप्तानाने करकचून ब्रेक मारला. गाडीवरची दोन पिंपे फरशीवर पडली आणि असा काही धडाका झाला की माझ्याही कानांना दडे बसले. नेमक्या त्याच वेळी, शेवटचा स्टॉप आला म्हणून, कर्तव्यदक्ष कप्तानाने माइक तोंडाशी धरला आणि पोटातून आवाज काढला : “प्लीज! एव्हरीबडी, गेट डाऊन! गेट डाऊन!”

अकराही पाहुणे बसच्या जमिनीवर पालथे पडले. एका टकलू गृहस्थांनी शेजारच्या दोघांना ओढून अंगाखाली घेतले (शूर माणूस असावा). राखाडी कोटाच्या बाई सीटखाली, पर्स डोक्यावर. मी तेवढा दांडी धरून उभा. मला वाटले, यांना क्रियापद कळले पण दिशा कळली नाही. म्हणून धीर द्यायला मी खणखणीत आवाजात म्हणालो, “डोन्ट वरी! जस्ट गेट डाऊन, वन बाय वन!” त्यावर सीटखालून कोणी तरी रडू लागले. आमची नेहमीची मंडळी हा प्रकार बघत होती. परदेशी लोक खाली झोपतात म्हणजे काही तरी कारण असणार, असे समजून तीही हळूहळू आडवी झाली. शेवटी आजीबाई उरल्या. त्या मला म्हणाल्या, “मास्तर, मी काही वाकणार नाही. माझी कंबर धरलीय. जे व्हायचं ते बसूनच होऊ दे.”

इंग्रजांच्या मुलखात ‘गेट डाऊन’ असे कोणी ओरडले की त्याचा अर्थ ‘गोळी येते आहे, आडवे व्हा’ असा होतो, हे मला त्या दिवशी सकाळी सात एकावन्नला कळले. बसमधून उतरायचे असेल तर ते ‘गेट ऑफ’ म्हणतात. टकलू गृहस्थांनी हे मला जमिनीवरूनच सांगितले, आणि आवाजात माया नव्हती. आपण मराठीत उतरतो, म्हणजे वरून खाली येतो. इंग्रज उतरत नाही, तो नुसता सुटतो. असे कोणाला स्वप्नात तरी वाटेल का?

आठ वाजता मी सही केली. आठ पाचला वर्गाचे दार उघडले आणि मुख्याध्यापिका बाईंच्या पाठोपाठ राखाडी कोट आत आला. गुडघ्यावर ग्रीसचा काळा डाग, बशीएवढा. बाई मागच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी वही उघडली. तुम्ही म्हणाल, विषय बदलायचास. बदलता येत नाही. आठवडाभर आधी पाठाची टिपणे तीन प्रतींत द्यावी लागतात, आणि मी दिली होती : धडा नववा, बसमधील संभाषण. फळ्याशेजारी मी स्वतः रंगवलेले चित्र, चार फूट बाय तीन, सागवानी चौकट, कोपरे पंचेचाळीस अंशात कापलेले. चित्रात लाल बस, दारातून उतरणारा गृहस्थ, आणि खाली चार इंची अक्षरांत ‘प्लीज गेट डाऊन’. बाईंची नजर चित्रावर गेली. नंतर स्वतःच्या गुडघ्यावर. नंतर माझ्यावर.

दाजी, त्या घटकेला मला ही आठवली, स्वयंपाकघराची खिडकी आठवली आणि विमानाचे तिकीट दिसले. पण मी वर्गाकडे वळलो आणि सांगितले की आज सर एक चूक दुरुस्त करणार आहेत, आणि ती तेवीस वर्षे जुनी आहे. चित्र भिंतीवरून खाली घेतले (याला ‘टेक डाऊन’ म्हणतात, तेवढे मी आता तपासून घेतले आहे), ‘डाऊन’वर काट मारली आणि वर ‘ऑफ’ लिहिले. मग मुलांना विचारले, उतरतो ते कशाकशावरून? बस, जिना, झाड, घोडा, तराजूतले वजन, तोंडाचा रंग. मुलांनी प्रत्येकाला कोणता शब्द ते शोधायला सुरुवात केली, आणि तासाची घंटा कधी वाजली ते कळले नाही. मागच्या बाकावरून बाईंनीही दोन वेळा हात वर केला. एकदा तर चुकल्या. (तोंडाच्या रंगाला.)

शेरा परवा आला. ‘या शिक्षकाला शिकवता येते आणि, त्याहून दुर्मिळ, शिकता येते. दोन वर्षांची शिफारस. बसमध्ये मात्र त्याच्या विद्यार्थ्यांपासून अंतर ठेवावे.’ मुख्याध्यापिका बाईंनी तो सूचनाफलकावर लावला, शेवटचे वाक्य न झाकता. कप्तान आता माइकवर ‘गेट ऑफ’ म्हणतो आणि पाहुणे निमूट उतरतात. आजीबाई त्याला रोज बजावतात, “हळू म्हण रे, कोणी झोपायला नको.” ही पुढच्या महिन्यात येते आहे. तिच्यासाठी मांडणीचा एक कप्पा रिकामा ठेवला आहे, उंची तिच्या हाताला येईल अशी मोजून.

ताईला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा वाकून. (इथे ‘डाऊन’ चालते.)

आपला आज्ञाधारक म्हणता येणार नाही असा,
मेहुणा

ता. क. १ : वर लिहिताना दहा मिनिटे गाळली आहेत. बाईंची नजर माझ्यावर आल्यावर मी लगेच वर्गाकडे वळलो, असे वाचताना वाटते. खरे असे की आधी मी कपाटातून शब्दकोश काढला आणि ‘गेट डाऊन’ बसलाही चालते हे बाईंना पटवून द्यायचा प्रयत्न केला. बाईंनी गुडघ्यावरचा डाग दाखवला. मग वळलो.

ता. क. २ : हिला मी ‘घर बसच्या एकाच स्टॉपवर आहे’ असे कळवले आहे. ते अक्षरशः खरे आहे. अडतिसांपैकी एका स्टॉपवर आहे. तुम्ही किंवा ताईने याचा अधिक खुलासा करू नये.

ता. क. ३ : पत्राचे खरे कारण. तुमची ती लाल शाईची वही अजून आहे का? असल्यास रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी, नीट गुंडाळून, कोपरे दुमडू नयेत. पोस्टेज मी देईन. ती मी न उघडता परत केली होती हे वर लिहिलेच आहे. (पहिल्या पानावर तिसऱ्या ओळीत ‘गेट डाऊन’ आहे आणि तुम्ही त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. बाकीची पाने मी खरोखरच बघितली नाहीत, रागाने तिथेच मिटली.) आता सगळी वाचायची आहेत. अक्षर लागले नाही तर विचारीन, आणि तुम्ही हसलात तरी चालेल.

ता. क. ४ : एक राहिले. शेऱ्यानंतर बसडेपोच्या साहेबांनी मला बोलावून घेतले. सगळ्या बसेससाठी अडतीसही स्टॉपच्या इंग्रजी सूचना माझ्या आवाजात मुद्रित करायच्या होत्या. एकदा मुद्रित झाल्या की बस भंगारात निघेपर्यंत त्याच वाजणार, आणि तिथे लाल शाई पोचत नाही. मी म्हटले, माझी एक वही यायची आहे, तोवर थांबा. साहेब थांबायला तयार नव्हते, म्हणून नाही म्हणालो. वहीवर मागे किंमत छापलेली होती, सव्वा रुपया. मुद्रणाची नाकारलेली रक्कम इथल्या चलनात नऊ हजार चारशे.